धुळीआडचा तारा

वर्ध्याच्या बाजारात बबनरावांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत प्रेमदास भिंगं घासायचा. वीस वर्षं हेच काम. गिऱ्हाईक दुकानात आलं, तरी ते त्याला दिसायचं नाही; त्याच्यापर्यंत यायचा तो फक्त चिठ्ठीवरचा नंबर. पण दाराआडून मालकांचं बोलणं ऐकता ऐकता डोळ्यांचे आजार त्याला तोंडपाठ झाले होते. म्हणूनच १९५७ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी दुकान झाडताना त्यानं विजेच्या दिव्याकडे पाहिलं आणि तो जागीच थिजला.

दिव्याभोवती रंगीत कडं होतं. आत निळसर, बाहेर तांबूस.

त्यानं डोळे चोळले, पण कडं गेलं नाही. उजव्या भिवईच्या वर ठणका लागला होता. घरी जाऊन तो न जेवताच झोपला. सकाळी सगळं स्वच्छ दिसलं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पण त्याला आईची आठवण येत राहिली. पन्नाशी यायच्या आतच ती चाचपडत चालू लागली होती. चुलीच्या धुरानं डोळे गेले, असं वस्तीत सगळे म्हणायचे, आणि प्रेमदासही तेच म्हणत आला होता.

रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत तो आणि त्याची धाकटी बहीण बायजा, दोघंच राहायचे. नवरा वारल्यावर बायजा माहेरी आली, ती कापसाच्या जिनात कामाला लागली. आदल्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तेव्हापासून घरातली देवांची फळी रिकामी होती, आणि तिच्यावर प्रेमदासचे ताऱ्यांचे नकाशे असायचे. अंगणात पत्र्याच्या लांब नळीची दुर्बीण होती. तिच्यातला आठ इंची आरसा त्यानं चौदा महिने हातानं घासला होता. त्या दुर्बिणीतून तो ताऱ्यांचं तेज मोजायचा. ज्याचं तेज ठाऊक नाही तो तारा, शेजारच्या ठाऊक असलेल्या दोन ताऱ्यांच्या मध्ये कुठे बसतो, ते ठरवायचं. एवढंच काम. पण त्याचा आकडा सहसा चुकत नसे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे पुंडलिकराव त्याचे आकडे दूरच्या एका वेधशाळेला पाठवत.

मार्चच्या सुरुवातीला पुंडलिकराव स्वतःच सायकलवरून वस्तीत आले. हातात वेधशाळेचं पत्र होतं.

"प्रेमदासजी, कन्या राशीतल्या एका दीर्घिकेत तारा फुटलाय," ते सायकल टेकवता टेकवताच म्हणाले. "अतिनवतारा. एकटा तारा, पण अब्जावधी ताऱ्यांच्या त्या अख्ख्या दीर्घिकेशी स्पर्धा करतोय. तुमचे वेध हवेत."

त्याच रात्री, कन्या थोडी वर आल्यावर, प्रेमदासनं दुर्बीण तिकडे वळवली. ती दीर्घिका त्याच्या ओळखीची होती. आदल्या वर्षी त्यानं तिचं चित्रही काढलं होतं: कडेनं दिसणारी, चातीसारखी लांबट, आणि मधोमध काळा पट्टा. तो पट्टा म्हणजे धूळ, असं पुंडलिकरावांनी सांगितलं होतं. आता त्या पट्ट्याला चिकटून एक ठिपका होता, गेल्या वर्षी नसलेला. तेज, बारा पूर्णांक सहा. तीन रात्री त्यानं तो मोजला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि तिन्ही वेळा घरात परतल्यावर कंदिलाभोवती ते कडं दिसलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पुंडलिकरावांनी ते खाटेवर बसून वाचून दाखवलं. वेधशाळेनं त्याच दिवसांत ताऱ्याचा फोटो काढला होता. फोटोवरून तेज तेरा पूर्णांक नऊ; या मोजणीत आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. म्हणजे तारा प्रेमदासनं सांगितला त्याहून कितीतरी मंद होता. निरीक्षकाच्या डोळ्यात दोष असावा, त्याचे वेध बाजूला ठेवत आहोत, असं खाली लिहिलं होतं.

पुंडलिकरावांनी पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "डोळे बरे आहेत ना?"

"बरे हाये जी," प्रेमदास म्हणाला. हे त्यांच्याशी बोललेलं पहिलं खोटं.

"मग फरक कशाचा?"

प्रेमदास विचार करत राहिला. दुकानात त्यानं रंगीत भिंगं घासली होती. पिवळ्या भिंगातून पाहिलं की निळं काळवंडतं आणि पिवळं तसंच राहतं, हे त्याला ठाऊक होतं. "फोटोची काच निळा उजेड जास्त पकडते ना जी? आन् आपला डोळा पिवळा?"

"बरोबर. पण असा तारा ऐन तेजात असताना दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत."

"तारा त्या धुळीच्या मांगं असंन त?"

पुंडलिकराव उठूनच उभे राहिले. धूळ उजेड अडवते, आणि निळा उजेड सगळ्यात आधी अडवते. उतरत्या उन्हात सूर्य तांबडा होतो तो म्हणूनच. तारा धुळीआड असेल, तर फोटोत तो फारच मंद दिसणार आणि डोळ्याला थोडा कमी मंद. मग दोन्ही आकडे खरे. आणि धूळ नसती तर तो तारा यापेक्षाही कितीतरी तेजस्वी दिसला असता.

"पण एकट्या माणसाच्या डोळ्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत," पुंडलिकराव म्हणाले. "दुसरा कोणी पाहणारा हवा. माझे डोळे चष्म्यानंही धड नाहीत."

बायजा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. जिनात तिचं काम कापसातला डागी, पिवळा कापूस वेगळा काढायचं. पांढऱ्यातली पिवळी झाक तिला इतरांच्या कितीतरी आधी कळायची.

"मी पाहू का?" ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी प्रेमदासनं तिला दुर्बिणीशी उभं केलं. मुद्दामच तिला आकडा सांगितला नाही. शेजारचे चार तारे फक्त दाखवले आणि त्यांना आंबा, बोर, चिंच, जांभूळ अशी नावं दिली. पुंडलिकराव वही घेऊन बाजूला बसले.

बायजानं खूप वेळ लावला. फाटकाकडून मालगाडी गेली, तिचा धूर ओसरेपर्यंत ती थांबली आणि पुन्हा पाहू लागली.

"बोराहून मंद हाये. चिंचीहून उजेड," ती शेवटी म्हणाली. "पर चिंचीच्या जवळ. दहातले सात हिस्से चिंचीकडं."

पुंडलिकरावांनी हिशोब केला. तारा मधल्या आठवड्यांत थोडा उतरला होता, आणि प्रेमदासनं तासाभरापूर्वी वहीत लिहिलेल्या आकड्यात आणि बायजाच्या आकड्यात केसाचाही फरक नव्हता. ते आनंदानं हसले. प्रेमदासही हसला.

बायजा अजून भिंगाशीच होती. "भाऊ, त्या पट्ट्याच्या खाली बारका तारा हाये, त्याचं नाव काऊन नाई ठेवलं?"

"कोणता?"

"हा काय. लहानसाच हाये, पर चांगला दिसून राह्यला."

प्रेमदासनं डोळा लावला. पट्ट्याखाली काहीच नव्हतं. तो श्वास रोखून बघत राहिला, डोळा तिरका करून बघितलं, डावा डोळा लावून बघितलं. काही नाही. मग तो घरात गेला, फळीवरून आदल्या वर्षीचं चित्र काढून कंदिलापाशी धरलं. पट्ट्याखाली त्याच्याच हातानं काढलेला तो बारका ठिपका होता.

तो चित्र तसंच हातात घेऊन बाहेर आला.

"काय झालं भाऊ?"

त्यानं आधी पुंडलिकरावांकडे पाहिलं. "मी तुमाले खोटं सांगितलं जी. माह्या डोळ्यात काचबिंदू उतरून राह्यला. दोन महिने झाले."

 बायजा म्हणाली, "आईसारखं?" 

पुंडलिकराव म्हणाले, "हे आपण वेधशाळेला कळवायलाच पाहिजे असं नाही. आकडा तर बरोबर आहे."

"नाई जी. कळवा. जे तारे मले दिसतात, ते सारे सारखेच मंद झाले, म्हनून आकडा खरा. हेबी लिहा. मंग ते ठरवतीन." त्या पत्रात मजकूर पुंडलिकरावांनी लिहिला, पण डोळ्यांबद्दलची ओळ प्रेमदासनं स्वतःच्या हातानं लिहिली. बायजाचा वेध तिच्या नावासकट जोडला.

एप्रिलमध्ये पुंडलिकराव त्याला नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर बोटं ठेवून डोळा दाबून पाहिला, आणि डोळा गोटीसारखा कठीण झालाय, आपण वेळेवर आलो नाही, हे प्रेमदासला त्या बोटांच्या थबकण्यावरूनच कळलं.

"अंधारात फार बसता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज संध्याकाळी. दुर्बिणीशी."

"अंधारात बुबुळाचं भोक मोठं होतं, तुमच्या डोळ्यातलं पाणी तिथंच अडतं. प्रत्येक संध्याकाळ तुम्हाला महागात पडली." त्यांनी थेंब लिहून दिले, शस्त्रक्रियेची तारीख दिली. मग दौत बाजूला सारून म्हणाले, "हे घराण्यात चालतं. भावंडं आहेत?"

"एक बहीण."

"तिला घेऊन या."

 घरी आल्यावर प्रेमदासनं बायजाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पोळपाट उभा करून ठेवत विचारलं, "कधी जायचं?" तिचे डोळे तपासून डॉक्टर म्हणाले, आज तरी काही नाही. दर सहा महिन्यांनी दाखवा.

जूनमध्ये वेधशाळेचं पत्र आलं. त्यांनी पिवळ्या काचेतून नवे फोटो घेतले होते आणि तारा मधल्या काळात उतरला तेवढं धरून तेज प्रेमदासच्या आकड्यांशी जुळत होतं. तारा धुळीआडच फुटला होता. बाजूला ठेवलेले वेध पुन्हा नोंदीत घेतले होते. खाली दोन नावं होती, एक प्रेमदासचं आणि एक बायजाचं. पुंडलिकरावांनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं, कारण शस्त्रक्रियेनंतर प्रेमदासच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्याला अक्षरं लागत नव्हती.

उजवा डोळा वाचला नाही. डावा १९५९ च्या पोळ्यापर्यंत पुरला. बबनरावांनी त्याला दुकानातून काढलं नाही. भिंगाची धार बोटानं तपासायचं काम त्याच्याकडे राहिलं. संध्याकाळी दुर्बिणीशी आता बायजा असायची. प्रेमदास खाटेवर बसून, सगळे नकाशे तोंडपाठ असल्यामुळे, कुठून कुठे जायचं ते सांगायचा आणि ती पुंडलिकरावांनी शिकवलेल्या अक्षरात वही भरायची. आकडे ती भराभर सांगायची. पण कधी एखादा मंद तारा विचारला आणि उत्तर यायला जरा उशीर झाला, की प्रेमदासचे हात खाटेच्या माचव्यावर घट्ट आवळत.

"दिसला का?" तो विचारायचा.

"थांब जी भाऊ," ती म्हणायची, "पाहून राह्यली."