टावरवरचा नारळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, पाटणला आईजवळ चार-चार दिवस राहून आलो तेव्हा तिलाही नाही. सांगावंसं वाटलंच नाही असं नाही – तोंडापर्यंत यायचं आणि मी विषय बदलायचो. पाऊसपाणी, उसाची तोड, काहीही. आता विषय बदलायचाही कंटाळा आलाय. तेव्हा ऐका.

सत्तरनंतरची गोष्ट. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात विजेच्या खात्यात ओव्हरसियर होतो. वय सव्वीस. हाताखालची माणसं माझ्यापेक्षा मोठी, कामात तर कितीतरी मोठी, आणि मला ती साहेब म्हणायची. साहेब म्हटलं की माणूस स्वतःला साहेब समजायला लागतो – माझं तसंच झालं.

माझ्या कामातला एक भाग मला सोपा वाटायचा. उंचीवरच्या कामाला कोणतं साधन द्यायचं, ते मी ठरवायचं. आमच्याकडे तीनच साधनं. एक बांबूची शिडी. दुसरी परांची – बांबू आणि सुंभ घेऊन बांधायची, तिला माणसं आणि अर्धा दिवस लागायचा. आणि तिसरा टावर. टावर म्हणजे लोखंडी पाइपांचा उंच सांगाडा, खाली चार चाकं, चाकांना अडकण, वर दोन माणसं उभी राहतील एवढी फळी आणि भोवती कंबरेएवढा कठडा. कारखान्यात तसा एकच होता. यात ठरवायचं ते काय, असं मला वाटायचं.

काय ठरवायचं ते मला दस्तगीरभाईंनी शिकवलं होतं. दस्तगीरभाई आमचे वायरमन. चाळिशी ओलांडलेले, काटक, पान खाऊन ओठ कायम लाल. शाळा चौथीपर्यंत. मी नवीन असताना ते मला म्हणाले होते, "साहेब, शिडीवर एक हात शिडीचा, एक हात कामाचा. ज्या कामाला दोनी हात लागत्यात त्याला शिडी न्हाई द्यायची." मी पदविका घेऊन आलेला माणूस, पण इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे हेच वाक्य मी दुसऱ्यांना माझंच असल्यासारखं सांगायचो. आणि पुढे – ते येईलच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, हे तुम्हाला काय सांगायचं. पान्यापासून क्रेनपर्यंत सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून ठेवायचं, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरेपर्यंत वापरायचं नाही. टावर दस्तगीरभाईच पुसायचे, दरवर्षी. रॉकेलचा बोळा घेऊन एकेक पाइप. मग स्टोअरकीपर आप्पा त्याला गंध लावायचे आणि खाली पाइपांवर टाकलेल्या फळीवर नारळ ठेवायचे. आप्पा म्हणजे कडक माणूस. आदल्या वर्षी कुणीतरी पूजेतला पाना उचलला तर त्यांनी चारचौघांत त्याचा असा पाणउतारा केला होता की तो आठ दिवस स्टोअरकडे फिरकला नाही. मी ते पाहिलं होतं. एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

पूजा झाली. माणसं प्रसादाला कँटीनकडे गेली. आणि मी भोंग्याचं बटण दाबून पाहिलं, तर भोंगा वाजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उतरायच्या आधीच, लवकरच्या मुहूर्तावर, बॉयलर पेटायचा होता. बॉयलर पेटला की भोंगा वाजतो, आसपासच्या गावांना कळतं की हंगाम सुरू झाला. तो वाजला नसता तर? काय झालं असतं हो? चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं असतं, एवढंच. आज हे सांगताना हसूही येत नाही. पण सव्विसाव्या वर्षी तेवढं पुरलं.

भोंगा ऊस गाळायच्या मिलहाउसच्या भिंतीवर, वीस-बावीस फुटांवर. मी दस्तगीरभाईंना बोलावून आणलं. त्यांनी बटण दाबून आवाज ऐकला, खालूनच वर पाहिलं, मान हलवली. म्हणाले, बेरिंग धरलंय, मोटर फिरंना, कव्हर काढून मोटर खाली घ्यावी लागंल. म्हणजे दोन्ही हातांचं काम. परांची बांधणारे सणाला घरी गेलेले. राहिला टावर. तो दहा पावलांवर उभा होता, माळ घालून.

दस्तगीरभाई म्हणाले, "टावर घिऊ की. तुमी तेवढा नारळ बाजूला ठेवा. म्या ठेवला असता, पन मी हात लावला तर उद्या लोक दुसरंच काय तरी बोलत्याल."

त्यांचं बरोबर होतं. ते पूजा मानायचे, टावर त्यांच्याच हातांनी लखलखीत झाला होता, पण मुसलमानानं पूजेतला नारळ हलवला असं कुणी म्हटलं तर त्यांच्या बाजूनं कोण बोलणार होतं? आणि मी उचलला असता तर? आप्पा रागावले असते. रागावले असते, आणि मी ऐकून घेतलं असतं. एक नारळ होता. दोन हातांनी उचलून कडेला ठेवायचा.

मी म्हणालो, नको, शिडी घ्या.

त्यांना वाटलं मी विसरलो. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, शांतपणे. एक हात शिडीचा, एक हात कामाचा. आणि मी त्यावर – इथे दर वेळी माझं सांगणं अडतं – मी त्यांना म्हणालो, "वय झालं असेल तर तसं सांगा, दस्तगीरभाई. मी दुसरा माणूस बघतो."

दुसरा माणूस नव्हताच. कुठून आणणार होतो? पण माणूस कुठे दुखावतो ते मला माहीत होतं. पंधरा वर्षांत त्यांनी कधी काम नाही म्हटलं नव्हतं. ते वळले. पान थुंकले, शिडी भिंतीला लावली, दोनदा हलवून पाहिली आणि चढले. खाली शिडी धरायला मी.

मोटर सुटली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. धरणारच. तिथे दुसरं काय करता येतं? वजन एका बाजूला गेलं आणि शिडी भिंतीवरून फिरली. माझ्या हातांना ती आवरली नाही. एवढं सांगतो आणि पुढचं सांगत नाही, कारण पुढचं कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. मिरजेच्या दवाखान्यात ते तीन महिने होते. उजवा पाय मांडीपासून आखूड झाला.

माणसं कँटीनकडून धावत आली. त्यांना मी काय सांगितलं? कुणी विचारायच्या आधीच म्हणालो, "मी नको म्हणत होतो. ऐकलंच नाही त्यांनी." कसं आलं ते तोंडात, देव जाणे. मी ठरवलं नव्हतं. पण नंतर चौकशी झाली, मोठ्या साहेबांच्या खोलीत, पंख्याखाली बसून, पाणी पिऊन, तेव्हा तर ठरवूनच सांगितलं. वायरमननं घाई केली, स्वतःहून शिडी घेतली, असं लिहून दिलं. वर आणखी लिहिलं की दोन्ही हातांच्या कामाला शिडी वापरू नये हे त्यांना चांगलं माहीत होतं, ते स्वतःच इतरांना तसं सांगत असत. त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटवलं. साक्षीदार मी एकटा. कागदावर माझी सही आहे, अक्षर सुरेख आहे.

दस्तगीरभाई परत आले ते काठी टेकत. त्यांना गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. चौकशीचा कागद तोवर नोटीस बोर्डावर लागून, सगळ्यांनी वाचून झाला होता. ते एकदाच माझ्याकडे आले. म्हणाले, "पायाचं न्हाई वो, साहेब. पन मी शिडी घेतली आसं का लिवलंसा?"

मी म्हणालो, बघू.

बघू.  ते गेले. नंतर कधी विषय काढला नाही. मला बघून उठून उभे राहायचे मात्र थांबले नाहीत, आणि त्या पायानं उठायला त्यांना वेळ लागायचा. मी गेटातून लवकर निघून जायचो.

पुढच्या खंडेनवमीला टावर दुसऱ्या कुणीतरी पुसला. दस्तगीरभाई जरा लांब, काठीवर हात ठेवून उभे होते. आप्पांनी नारळ ठेवला, आणि बोलता बोलता सहज मला म्हणाले, "गेल्या सालाला तुमी मला हाक का मारली न्हाई वो? काम आडलं तर द्येवाला हात जोडायचा आन् नारळ बाजूला ठेवायचा. माज्या बाच्यापासनं आमी तसंच करतोय. मीच उचलला असता की."

मी दस्तगीरभाईंकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि गेटकडे निघाले. मला आप्पांचा राग आला – त्यांचा, बघा. त्याच्या आदल्या वर्षी पान्यावरून त्या माणसाला का बोललात मग, असं विचारावंसं वाटलं. नंतर कळलं, तो पाना घेऊन आपल्या सायकलची चेन बसवत होता. ते मी तेव्हाही विचारू शकलो असतो.

चार वर्षांनी दस्तगीरभाई वारले, कावीळ होऊन. मी तोवर बदली मागून सांगलीत विश्रामबागला राहायला गेलो होतो. बातमी कळली तसा त्यांच्या गावी, घरी गेलो. जाताना बसमध्ये ठरवलं होतं, आज सांगायचं. त्यांच्या माणसांसमोर सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो.

ओसरीवर बसलो. त्यांची सून चहा घेऊन आली. मी कारखान्यातला, त्यांचा साहेब, म्हणून तिला कौतुक. दारामागे त्यांची काठी अजून टेकून ठेवलेली होती. तिकडे बघून ती म्हणाली, "आब्बा लय जपून काम करायचे म्हनं, सगळी सांगत्यात. ते एकदाच घाई केली त्यांनी. आमी इचारलं की म्हनायचे, व्हय गं, चूक झाली माजी. तुमी तर तितं होता न्हवं?"

म्हणजे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं? माझ्यासाठी? की बोर्डावर एकदा लागलेलं खोडायला कोण येणार, असं वाटलं त्यांना? मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

ती उत्तराची वाट बघत होती. तेव्हा तरी मला बोलता आलं असतं.

मी "हो" म्हणालो. "घाई झाली त्यांची," असंही म्हणालो. चहा प्यालो आणि बसस्टँडकडे निघालो.

दस्तगीरभाईंनी शिडी घेतली नव्हती. त्यांनी टावर मागितला होता. शिडी मी दिली.