दिवस होता का?

माझ्या सासूबाईंनी, चंदनबाला पाटील यांनी, चव्वेचाळीस वर्षांत सूर्यास्त कधी धड बघितला नव्हता. बघणार कधी? त्या वेळी त्या स्वयंपाकघरात. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि त्यांनी तर लग्नाच्या वर्षीच व्रत घेतलेलं. अंधार पडल्यावर पाण्याचा घोटही नाही. घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता. तळहात डोळ्यांसमोर धरायचा, रेषा दिसल्या तर दिवस आहे, नाहीतर संपला. माझा नवरा भरतेश कुपवाडच्या कारखान्यातून उशिरा आला की त्याला वाढायच्या आणि स्वतः शेजारी कोरड्या बसायच्या. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात महाबळेश्वरला जायचं मीच काढलं. आईंना एकदा सूर्य मावळताना दाखवू, म्हणाले. दिवसभर त्या खरंच रमल्या. दरी बघून "अगं बाई, केवढं हे!" म्हणाल्या, नव्या चपला हातात घेऊन गवतातून चालल्या. संध्याकाळी गर्दीमुळं गाडी सूर्यास्ताच्या पॉइंटपासून दीड किलोमीटर मागंच लावावी लागली. सव्वापाचला त्यांनी गाडीतच रोजच्यासारखं इन्सुलिन टोचून घेतलं. त्यानंतर अर्ध्या तासात जेवायलाच हवं. डबा पॉइंटवर नेऊन तिथंच खायचा, असं ठरलं.

पॉइंटवर पोचलो तर भरतेश म्हणाला, "डबा कुठाय?"

"आवं, तुमच्याकडं न्हाई?"

"मला वाटलं तू घेतलास."

तो पळत सुटला. मी स्ट्रॉबेरी आणते म्हणाले, तर सासूबाईंनी हात धरला. "नगं. कसल्या पाण्यात धुतल्यात कुणास ठावं. येतोय की त्यो." समोर सूर्य उतरत होता, लोक मोबाइल धरून ओरडत होते आणि मी रस्त्याकडं बघत होते. सूर्य गेला. भरतेश गर्दीतून धापा टाकत आला तेव्हा अंधारायला लागलं होतं. त्यानं डबा उघडला. सासूबाईंनी तळहात वर धरला, जवळ नेला, लांब नेला.

"रेषा दिसंनात रं. झाक त्यो."

भरतेशनं हात जोडले. मी चिडून नको ते बोलले. "काय हुत न्हाई मला," म्हणत त्या चालायला लागल्या. पुढं गाडी परतीच्या रांगेत अडकली. आधी त्यांना घाम फुटला, मग हात थरथरायला लागले, मग मान माझ्या खांद्यावर पडली. हाक मारली तर ओ नाही. भरतेश स्टिअरिंग धरून रडत होता, "व्रत हाय गं तिचं." मी खाली उतरले, टपरीवरून मूठभर साखर आणली आणि त्यांच्या हिरड्यांना चोळत राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. ओठांवरून जीभ फिरवली.

"श्रद्धा, दिवस हुता का गं?"

"हुता, आई."

मागच्या गाडीच्या दिव्याच्या उजेडात त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती थाप मी दयेनं मारली की भीतीनं, मला अजून कळत नाही.

सुनेनं वाचवलं, असं डॉक्टर म्हणाले. पाहुण्यांनी कौतुक केलं. सासूबाईंनी मात्र प्रायश्चित्त म्हणून दिवसातून एकदाच खायचं ठरवलं. डॉक्टर ओरडले, भरतेश पाया पडला, त्यांनी ऐकलं नाही. साखर वरखाली होत राहिली आणि अंगावरचं मांस झडत गेलं. संध्याकाळी मी उन्हात ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची.

फाल्गुनात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता मी गाळलेलं पाणी चमच्यानं त्यांच्या ओठांशी नेलं. ऊन पांघरुणावर पडलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, हातही उचलवत नव्हता.

"दिवस हाय?"

"हाय, आई. शप्पथ. बारा वाजल्यात."

त्यांनी तोंड उघडलं नाही.