माकडाच्या वर्षाचा दगड

शार्शेनने दगडावर कुठलंही जनावर काढलं तरी ते मेंढीच्या वळणावर जातं. घोडा काढला की लांब मानेची मेंढी होते, बिबट्या काढला की ठिपक्यांची. आयुष्यभर जे डोळ्यांसमोर चरलं तेच हातात उतरतं, त्याला तो तरी काय करणार? बुलाक-बाशी गावातली पोरं हसतात. पण हसत हसतच ती दगडादगडावरून वर पळतात, आणि आपलं जनावर सापडलं की त्याच्यावर चढून बसतात.

गावाच्या वर अक-तिल आहे. अक-तिल म्हणजे पांढरी जीभ, डोंगराने बाहेर काढलेली बर्फाची जीभ. दर उन्हाळ्यात ती थोडी आत जाते. शार्शेन एकोणीस वर्षांचा होता तेव्हा राजधानीहून अभ्यासक येत, आणि तो त्यांच्या मोजणीच्या पेट्या घोड्यावर लादून वर नेई. उन्हाळा सरला की, पहिलं हिम पडायच्या आत, जीभ जिथे संपे तिथल्या दगडावर ते सालाचा आकडा रंगवत. मग देश फुटला आणि अभ्यासक गेले ते गेलेच. जाताना शार्शेनला कुणी काही सांगून गेलं नाही. पण पुढचा शरद आला तशी त्याची पावलं आपोआप वर वळली. हातात खिडक्यांच्या चौकटींना लावायचा निळा रंग होता. त्याने आकडा न घालता त्या वर्षाचं जनावर काढलं, कारण त्या खोऱ्यात वय विचारलं तर माणूस साल सांगत नाही, जनावर सांगतो. बारा वर्षांची बारा जनावरं, की पुन्हा पहिलं. मागाहून त्याने अभ्यासकांच्या जुन्या दगडांनाही जनावरं दिली.

"घराच्या खिडक्यांचे पोपडे निघालेत," त्याची बायको कालिपा दर वर्षी म्हणते, "आणि ह्यांचे दगड बघा, नवरीसारखे नटलेत!"

चौतीस शरद झाले. दगड मात्र तेहतीस.

जे वर्ष चुकलं ते माकडाचं. त्या शरदात थोरल्या मुलाचं लग्न होतं. पाहुणे निरोप घेईपर्यंत हिम पडलं, वीतभर नव्हे, कमरेएवढं. अक-तिल कुठे संपते आणि नुसतं हिम कुठे सुरू होतं ते देवाला तरी कळलं असतं का? उन्हाळ्यात वाट मोकळी झाली तोवर जीभ वितळू लागलेली होती. मेंढीच्या दगडापासून कोंबड्याच्या दगडापर्यंत एक्केचाळीस पावलं तशीच रिकामी राहिली. समोरचा दात पडलेल्या माणसाची जीभ जशी सारखी त्या खिंडीत जाते, तसं शार्शेनचं मन तिथे जाई.

उन्हाळ्यात शहरातली कुटुंबं ही वाट चालायला येतात. शार्शेन त्यांना नेतो. त्याचे दोन नियम. ज्याचे पाय सगळ्यांत आखूड, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ओढा ओलांडून परत यायचं. सकाळी ज्या ओढ्यात घोटा बुडत नाही, तोच दुपारी बर्फ वितळलं की घोड्याचं पोट भिजवतो.

यंदा आषाढाच्या सुमारास एक कुटुंब आलं. सोनुन आजी, तिचा मुलगा तालंत, आणि तालंतची नऊ वर्षांची मुलगी झिपार. आजीचा जन्म घोड्याच्या वर्षातला, मुलगाही घोड्याच्याच. ओढा ओलांडल्यावर आजीचा दगड लगेच आला.

"हा घोडा?" आजीने चष्मा पुसला. "ह्याला लोकर आहे की रे."

"आजी, तेव्हाचे घोडे तसेच होते," शार्शेन गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही लहान होतात, आठवत नसेल."

आजी हसून हसून तिथेच टेकली. "मी माझ्या घोड्यावरच बसते. तुम्ही जा. ओढ्यावर लक्ष ठेवते." बोरसोकची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पुरचुंडी तिने मांडीवर सोडली.

तालंतचा दगड बराच वर होता. आजीपासून तिथवर चालून आल्यावर तो मागे वळून बघत राहिला. "म्हणजे आई जन्मली आणि मी जन्मलो, ह्याच्यामध्ये एवढं सगळं बर्फ होतं?"

"तुझ्या उंचीच्या दहापट," शार्शेन म्हणाला.

झिपारला थांबायला सवड नव्हती. बाबांच्या दगडाजवळचं जुनं माकड सोडून ती पुढे पळाली आणि ओरडली, "माकड! माकड सापडलं!"

शार्शेनने माकडाच्या वर्षातल्या इतर पोरांना आजवर ह्याच माकडावर खपवलं होतं. पोरं त्यावर बसत, बोरसोक खात, खूश होत.

"हे माझंच ना, आजोबा?"

"माकड आहे ना? मग तुझंच."

"पण मग ह्याच्यानंतरचे दगड कुणाचे? वर अजून किती दिसतायत." ती बोटांवर मोजू लागली. "हे माकड आलं तेव्हा बाबा शाळेत होते. हे माझ्याहून बारा वर्षांनी मोठं माकड आहे. माझं वर असणार."

शार्शेन तिच्या मागून चालू लागला. एक एक जनावर मागे पडलं. साप, घोडा, मेंढी. आणि मेंढीनंतर एकदम कोंबडा. झिपार कोंबड्यापाशी उभी राहिली, मग मागे मेंढीकडे पाहिलं.

"माझं वर्ष झालंच नाही का?"

तेव्हा शार्शेनने टोपी काढली आणि तिला लग्न, हिम, सगळं सांगितलं. मोठ्या माणसाला सांगावं तसं.

तालंत त्याच्या कानाशी लागला. "आके," थोरल्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला, "मधोमध एखादा दगड बघून त्यावर माकड काढा ना. कुणाला कळणार आहे?"

"मेंढ्या अंदाजाने मोजत नाहीत," शार्शेन म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा कडक निघाला. अंदाजाचा एक दगड बसला की बाकीचे तेहतीसही अंदाजाचे वाटू लागतील, हे त्याला ठाऊक होतं.

झिपार रुसून कोंबड्याच्या पायथ्याशी बसली आणि टाचेने खडी उकरू लागली. मग म्हणाली, "आजोबा, प्रत्येक जनावरापुढे हा छोटा बांध कुणी घातलाय?"

"कसला बांध?"

"हा काय. कोंबड्याचा अर्धाच आहे. मेंढीचा पुरा होता, मी त्याच्यावरून उडी मारली."

शार्शेन खाली वाकला. खडीची गुडघाभरही नसलेली एक वळी, आडवी, जिभेच्या कडेसारखी वाकलेली. इतकी वर्षं तो ह्या वळ्यांना ठेचकाळत आला होता, आणि प्रत्येक वेळी ठेच लागली म्हणून शिवी देऊन दगडाकडे गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हिवाळ्यात बर्फ वितळत नाही, पण वरून जोर चालूच असतो. जीभ थोडी पुढे सरते, समोरची खडी ढकलते. उन्हाळा आला की मागे हटते. कालिपा केरसुणी उचलते तेव्हा ती जिथे थांबली तिथे धुळीची रेघ उरते, तसंच की हे!

"उठ," तो म्हणाला. "पण आधी माहीत असलेली तपासू. मग माहीत नसलेलं."

ते मेंढीकडे गेले. दगडापासून वळी दोन पावलं खाली. घोड्याची दोन पावलं. सापाची दोनाला जरा कमी. त्याच्या आधीच्या वर्षाची सापडलीच नाही, तिथून पाणी वाहून गेलं होतं. शार्शेनला ते न सापडणंही आवडलं. फार जुळलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता.

खालून आजीची हाक आली. "अरे ए! ओढा पांढरा व्हायला लागला!"

"आलो, आई!" तालंत ओरडला, आणि कुणीही हललं नाही.

मेंढीपासून ते तिघं रांगेत, खाली बघत वर निघाले. पाच पावलं. आठ. नवव्या पावलाला झिपारच्या बुटाला काहीतरी लागलं. वळी होती. बुटकी, फुटकी, एका टोकाला शेवाळ धरलेली, पण आडवी आणि वाकलेली.

"दोन पावलं वर," शार्शेन पुटपुटला. मेंढीपासून अकरा. तो थबकला. मधोमध म्हणजे वीस, असं त्याने मनात कधीचं धरून ठेवलं होतं. अकराच कशी? त्या उन्हाळ्यात जीभ इतकी कमी का हटली?

मग त्याला गवत आठवलं. लग्नाच्या उन्हाळ्यात गवत वाळलंच नव्हतं. सारखं ढग, सारखी भुरभुर. वऱ्हाडाच्या घोड्यांपुढे ओलं गवत टाकावं लागलं आणि व्याह्यांनी त्यावरून आजवर टोमणे मारले. जिथे गवत वाळलं नाही तिथे बर्फ कुठून वितळणार?

"अकराच," तो म्हणाला. "बरोबर आहे."

फिके दगड उजळायला आणलेला रंगाचा डबा पिशवीत होता. त्याने ब्रश झिपारच्या हातात दिला. "मी माकड पाहिलेलं नाही. तू?"

"सर्कशीत!"

"मग काढ. लवकर."

खाली ओढ्याच्या पोटात दगड घरंगळायचा आवाज येऊ लागला होता. झिपारने आधी शेपूट काढली, ऐटीत वळवलेली. शेपटीतच दगड निम्मा भरला. ती लांबून बघून आली, आणि तिचं तोंड पडलं. "आजोबा, हे मेंढीसारखं दिसतंय."

"इथल्या दगडांचा गुण आहे तो," शार्शेन म्हणाला, आणि तिला खांद्यावर घेऊन उतरू लागला.

ओढा गुडघ्यापर्यंत चढला होता. आजीने सगळ्यांना शिव्या दिल्या आणि मग उरलेले बोरसोक.

घरी आल्यावर त्याने कालिपाला सगळं सांगितलं, वळ्या, पावलं, गवत. तिने चहा ओतता ओतता ऐकलं.

"म्हणजे तुम्ही एकदाही वर गेला नसतात, तरी अक-तिलने आपल्या रेघा मारल्याच असत्या?"

शार्शेनने कप खाली ठेवला. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने तो नीट सगळ्या बाजूंनी पाहिला.

"मारल्याच असत्या," तो म्हणाला. आणि त्याला वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही. उलट, पुढे कधी गुडघे नाही म्हणाले, तर एखादा शरद चुकला म्हणून काही हरवणार नव्हतं. नंतर कुणीतरी टाचेने खडी उकरत बसेल.

डब्यात एका खिडकीपुरता रंग उरला होता. तो ब्रश घेऊन अंगणात गेला.

"चौकटीवर मेंढी काढू नका म्हणजे झालं," कालिपा आतून म्हणाली.