फळीवरचं मशीन

लातूरला माझं डोकं फुटलं ते एका मुलीच्या फोटोवरून. त्या मुलीला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. बारावीचा निकाल लागला होता, ती बोर्डात आली होती, आणि शहरातले दोन क्लास ती आमचीच म्हणून सांगत होते. दोघंही खोटं बोलत नव्हते. तेव्हा मुलं फिजिक्स एका सरांकडे लावायची आणि गणित दुसऱ्यांकडे. पण निकालाच्या दिवशी मुलगी अर्धी अर्धी वाटून घ्यायची पद्धत नव्हती. ज्याचं बॅनर आधी चौकात लागेल त्याची मुलगी. दुसऱ्याचं मागून लागलं की लोक हसायचे.

मी बॅनर करून देणाऱ्या एका दुकानात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. मालकाने फोटो दिला, मी तो कापून, गाल उजळून, सरांच्या फोटोशेजारी बसवला. बॅनर लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या क्लासची माणसं हॉकी स्टिका घेऊन दुकानात शिरली. हे कुणी केलं म्हणून विचारलं. मालकाने नुसतं माझ्याकडे बोट केलं.

पहिला फटका डोक्यात बसला. दुसरा बसायच्या आत मी टेबलाखाली गेलो आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. मग त्यांनी टेबलावरचं सगळं फोडलं. मॉनिटरची काच फुटते तेव्हा ती बाहेर उडत नाही, आधी आत जाते आणि मग तोंडावर येते, हे मी टेबलाखालून शिकलो. कॉम्प्युटरच्या बॉक्सचा पत्रा त्यांनी पायाने चेपला. ते गेल्यावर मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नको, तुझ्यामुळं माझं मशीन गेलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, सेकंड क्लास, स्वतःच्या डोक्याने. त्या डोक्यात टाके घेऊन जळकोटकडच्या आमच्या गावी गेलो तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, भिंतीला गिलावा करून राहिले होते. ते गवंडी. थापी खाली न ठेवता त्यांनी टाके बघितले.

"किती जण हुते?"

"चार-पाच."

"अन् तू?"

"टेबलाखाली."

"मंग मशीन मोडणारच की," अण्णा म्हणाले आणि परत गिलाव्याला लागले.

तेवढंच बोलले. पण मी त्याच दिवशी ठरवलं की आता स्वतःचं मशीन. दुसऱ्याच्या मशीनवर बसून दुसऱ्याचा मार खायचा नाही. बैलजोडी विकली, आईचं मंगळसूत्र मोडलं असलं काही मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. मी शिकवण्या घेतल्या, अण्णांच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि पैसे जमवले. एकदाच जमणार होते. हे मशीन कुणी फोडलं असतं तर दुसरं होणार नव्हतं, आणि मी उरलेला जन्म माल कालवत काढला असता. त्यात कमीपणा नाही. पण त्यासाठी मला बी.एस्सी. व्हायची गरज नव्हती.

सुटे भाग घ्यायला नांदेडला गेलो. कॉलेजातला माझा एक रूम पार्टनर तिथलाच. त्यांचं जुन्या गावातलं घर, खाली दुकान. त्याचे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, त्याने त्याच दुकानात कॉम्प्युटर जोडून द्यायचं सुरू केलं होतं. मी सकाळीच जाऊन बसलो आणि म्हणालो, आधी डबा दाखव. म्हणजे कॅबिनेट.

त्याने निळा दिवा आणि बाजूला काच असलेलं एक काढलं. मी त्या काचेवर बोट वाजवून बघितलं आणि नको म्हणालो. मला लोखंडी पाहिजे होतं. माडीवरून त्याने जुन्या पद्धतीचा एक जाड पत्र्याचा डबा खाली आणला. मी त्यावर जोरात बुक्की मारली. पत्रा दबला नाही. हा घे बाजूला, म्हणालो. मग हार्ड डिस्क. मला ती अशा खणात पाहिजे होती जो पुढून कुलूप काढून ओढला की डिस्कसकट हातात येतो. ते लोक परत आले तर डबा त्यांच्यासाठी ठेवायचा, डिस्क उपसायची आणि मागच्या दाराने पळायचं, असा माझा सगळा विचार झालेला होता.

मित्र गल्ल्यावर कोपर टेकवून बघत होता. "भाई, तू कॉम्प्युटर घेऊन राहिला का तिजोरी?"

मी म्हणालो, तुझ्या डोक्यात टाके नाहीत.

तो चिडला नाही. त्याने मला नीट समजावलं. बॅनरची फाइल लई मोठी असते. तिला मेमरी लागते, जितकी घालशील तितकी कमीच. मॉनिटर चांगला नसेल तर गोरी पोरगी पिवळी छापून येईल, आणि मग हॉकीवाल्यांच्या आधी तिचा बापच येईल. मशीन कामासाठी घे, मारामारीसाठी घेऊ नको. तू डब्यात आणि कुलपात पैसे घातलेस तर मेमरी निम्मी बसेल आणि मॉनिटर साधा येईल. दोन्ही होणार नाही.

मला ते कळत होतं. पण मार खाल्लेल्या माणसाला कळून उपयोग नसतो. मी डबा धरून बसलो. ग्राफिक्स कार्डही मी तसंच निवडत होतो. एका खोक्यावर रक्ताळलेली कुऱ्हाड घेतलेला राक्षस होता आणि मला तेच पाहिजे होतं. मित्र म्हणाला, हा राक्षस गेम खेळणाऱ्यांचा. तुला लढाई दाखवायची नाही, पोरांचे चेहरे दाखवायचे आहेत, चित्र स्थिर आणि रंग खरा देणारं साधं कार्ड बस झालं. तेवढं मी ऐकलं. राक्षस परत फळीवर गेला. डबा आणि कुलपाचा खण मात्र मी सोडला नाही. मेमरी निम्मी ठरली.

मग पॉवर सप्लाय. तो हातात तोलून घ्यायचा असतो. छापलेल्या आकड्यावर जायचं नाही, आत तांबं आणि लोखंड असेल तर वजन लागतंच. मी सगळ्यांत जड होता तो काढला. मित्राने तो टेबलावर नुसताच ठेवला, मदरबोर्डाला जोडला नाही. चालतो का ते बघायला त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत तार अडकवली आणि मला म्हणाला, मार बटन. नवी हार्ड डिस्क तिच्या खणासकट माझ्या मांडीवर होती. मी बटन मारलं.

इथं मी शाळेत असताना झालेल्या भूकंपाचं सांगावं लागेल. त्या पहाटे आमच्या गावात घरं पडली नाहीत, भिंतींना भेगा गेल्या. पण अण्णा नंतर पडलेल्या गावांत ढिगारे उपसायला गेले होते आणि तिथून वेगळेच होऊन परत आले. आम्ही पुष्कळ दिवस अंगणात झोपलो. आत झोपायला लागलो तेव्हा अण्णांनी प्रत्येकाला पळताना काय उचलायचं ते वाटून दिलं. आईने धाकटीला उचलायचं, अण्णांनी पेटी, मी रेडिओ. आणि ते तालीम घ्यायचे. जेवताना, अभ्यास करताना, केव्हाही, न सांगता अण्णा पडवीतल्या पत्र्यावर पहार हाणायचे. धाडकन आवाज झाला की आपली वस्तू घेऊन अंगणात. रिकाम्या हाताने जो बाहेर आला त्याच्या पाठीत ओला फोक बसायचा. मी एकदा रेडिओऐवजी भाकरी घेऊन पळालो होतो. त्या दिवशी फोक मोडेपर्यंत मारलं. गावात बऱ्याच घरांत हे चालायचं. आम्हाला वाटायचं सगळ्या जगातच चालत असेल.

तर मी बटन मारलं. पॉवर सप्लायच्या पाठीमागे एक लाल खटका असतो, तो परदेशातल्या कमी दाबाच्या विजेवर राहिला होता. आम्ही दोघांनीही बघितला नव्हता. सुतळी बॉम्बसारखा बार झाला, दुकानात काळा धूर, लाइट गेली.

मला पुढचं आठवत नाही असं म्हणणं सोपं आहे, पण मला सगळं आठवतं. माझ्या पाठीला फोक लागल्यासारखं झालं. मी हातातली वस्तू छातीशी धरली, मित्राला ढकलून त्याच्या अंगावरून गेलो आणि बाहेर पळालो. उंबऱ्याला पाय अडकला. मी तोंडावर पडलो, खण हातात राहिला आणि डिस्क त्यातून सुटून रस्त्यावर गेली. समोरून येणाऱ्या ऑटोचं चाक तिच्यावरून गेलं. ऑटोवाल्याने मला आईवरून शिवी घातली. समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं आधी धावली आणि काही झालं नाही म्हटल्यावर हसायला लागली. माझ्या ओठातून रक्त येत होतं. दातही हलत होता.

मित्र कपाळाला फडकं लावून बाहेर आला. मी ढकलल्यावर त्याचं डोकं फळीच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. त्याने रस्त्यावरची डिस्क उचलली, कानाजवळ हलवून बघितली. आत काचा खुळखुळल्यासारखा आवाज आला.

"हॉकीवाले आले बी न्हाईत अजून," तो म्हणाला. "तूच फोडून बसला."

आम्ही आत येऊन बसलो. लाइट आली, चहा आला. मग मित्राने घेतलेलं सगळं गल्ल्यावर ओळीने मांडलं. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, कार्ड, मॉनिटरचं खोकं. डबा शेवटी ठेवला. डिस्क आता नवी घ्यावी लागणार होती आणि तिचे पैसे फक्त डबा परत दिला तरच निघत होते. पॉवर सप्लायचं माझ्याकडं लागलं, दुसरा मी देतो, असं तो म्हणाला. मी डब्याकडे बघत राहिलो. त्याच्यावर मी सकाळी मारलेल्या बुक्कीने माझंच बोट सुजलं होतं.

"डबा ठेव," मी म्हणालो. "तो आता न्हाई पायजे."

"मग बसवायचं कशात?"

"बघतो."

डबा गेल्यावर डिस्क निघाली, कुलपाचा खणही परत दिला म्हणून मेमरी पूर्ण बसली, आणि मॉनिटरही सपाट काचेचा, मोठा आला. ज्या दोन वस्तूंसाठी मी सकाळपासून भांडत होतो त्याच दोन गेल्या आणि बाकीचं मशीन चांगलं झालं. जोडायला मात्र मीच बसलो. प्रोसेसरवर पंखा बसवताना त्याची पोलादी पट्टी स्क्रूड्रायव्हरने खाली दाबावी लागायची. सटकला तर स्क्रूड्रायव्हर बोर्डात घुसतो आणि बोर्ड मेला. मी सगळं अंग त्यावर टाकलं. तो सटकलाच, पण बोर्डाकडे न जाता माझ्या डाव्या तळहातात गेला. मित्र म्हणाला, शाबास, आज कुणालाच सोडू नको.

नांदेडहून कंधार, मुखेड करत जळकोटच्या गाडीने मी ते सगळं घरी नेलं. मॉनिटर मांडीवर, बोर्ड कपड्यात गुंडाळलेला. अण्णांनी तळहात बघितला, ओठ बघितला. या वेळी किती जण होते ते विचारलं नाही. मशीनला डबा नाही म्हटल्यावर त्यांनी सेंट्रिंगची एक जुनी फळी काढली, रंध्याने तासली आणि बोर्डाच्या भोकांच्या मापाने तिला खिळ्याने भोकं पाडून दिली. लातूरला मी भाड्याची एक खोली घेतली होती. तिथे ते मशीन फळीवर उघडंच चालायला लागलं. पंखा, कार्ड, वायरी, सगळं डोळ्यासमोर. बॅनरं करायला लागलो. फाइल उघडायला मालकाच्या मशीनवर जिथं विडी ओढून व्हायची, तिथं आता काडी पेटवायला वेळ मिळायचा नाही.

पुढच्या निकालाला परत एक मुलगी दोन क्लासची निघाली. एका क्लासचं काम माझ्याकडे आलं. मी तिचा फोटो कापायला घेतला, केसांपर्यंत आलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या क्लासची माणसं दारात. भरदुपार होती. त्यांचा म्होरक्या माझ्याच भागातला, बोलण्यावरून कळलं.

"बॅनरवरला फोटो काढ तिचा."

मी म्हणालो, ती तुमच्याकडं पण होती, तुमचं बॅनर आणा, त्याच्यावर पण टाकतो.

"आमच्यावरच पायजे."

मी खुर्चीवरून उठलो नाही. त्याने फळीकडे बघितलं. मागचा एक जण हसून म्हणाला, ह्याला डबाच न्हाई, हाणायचं कुठं? म्होरक्या हसला नाही. त्याने स्टिक वर उचलली.

मी मध्ये हात घातला. विचार करायला वेळ असता तर डावा घातला असता. उजवा गेला. कोपराच्या खाली हाड मोडलं, वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला, खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. मी ओरडलो. हात लटकला तरी मी फळीपुढून हललो नाही. काहीतरी मोडूनच ते जाणार होते. काय मोडायचं तेवढं मी ठरवलं. हाड सरकारी दवाखान्यात जुळतं, बोर्ड कुठंच जुळत नाही. म्होरक्या माझ्या हाताकडे बघत राहिला. त्याला जेवढं करायला पाठवलं होतं तेवढं झालं होतं. स्टिक खाली करून तो म्हणाला, चला.

प्लास्टर घालून संध्याकाळी परत खोलीवर आलो. पंखा फिरत होता, मुलगी अर्धी कापलेली तशीच पडद्यावर होती. माऊस डाव्या हाताला घेतला. केस कापणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत अवघड, आणि डाव्या हाताने मी त्याआधी कधी भाकरीसुद्धा मोडली नव्हती. घाम येत होता, दुखून डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मी एकेक बट सोडवत होतो. सकाळी बॅनर चौकात लागलं. तिचा एक कान त्यावर जरा जास्तच कापला गेला होता. लोक थांबून बघत होते, मीही गळ्यात हात अडकवून त्यांच्यात उभा राहिलो. कानाचं कुणी काही बोललं नाही.