फाईलीपुढचं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साताऱ्यात रोज ज्याच्याबरोबर चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आता हे पोटात राहत नाही.

अठ्ठ्याण्णव साल. सांगलीतल्या एका छोट्या सायंदैनिकात मी कॉम्प्युटरवाला होतो. पाच मशिनं, आणि फ्लॉप्या घेऊन नुसती पळापळ. सगळ्यांच्या फाईली एका जागी राहाव्यात म्हणून मी एका जुन्या मशिनवर लिनक्स टाकलं आणि त्यावर सांबा चढवला. सांबा म्हणजे मागं गुपचूप चालू राहणारा एक प्रोग्रॅम — कुणी फाईल मागितली की काढून देतो, दिली की ठेवून घेतो. शिपायानं खंडेनवमीला त्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, वर बेलाचं पान ठेवलं. सांब आहे म्हणे. मीही हसलो. फार ऐटीत होतो मी तेव्हा.

टायपिंगला सुलभाताई होत्या. कोरेगावच्या. नवरा गेल्यावर चार वर्षं त्यांनी भावाच्या घरी काढली — कशी काढली ते त्या सांगायच्या नाहीत. मग टायपिंग शिकल्या, सांगलीत खोली घेतली. "आता भावाच्या दारात गेली तर पाव्हणी म्हणूनच," असं एकदा डबा खाताना म्हणाल्या होत्या. म्हणजे मला ठाऊक होतं. ती नोकरी गेली तर त्यांचं काय जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर — सांबा प्रत्येक फाईलीपुढं ती ठेवणाऱ्याचं नाव लावतो. एकानं ठेवलेली फाईल दुसऱ्याला बदलता येईना. "सर, सेव्ह होईना," दिवसभर हेच. नीट करायचं तर सगळ्यांचा एक गट बांधून परवानग्या लावायच्या, अर्ध्या दिवसाचं काम. मी कंटाळा केला. सेटिंगमध्ये एकच ओळ घातली — कुणीही येवो, त्याला सुलभा समज. त्यांचं खातं सगळ्यात आधी उघडलं होतं, एवढंच कारण. तक्रारी तिथल्या तिथं थांबल्या, मालकांनी पाठ थोपटली. त्या दिवसापासून ऑफिसात कुणीही काहीही लिहिलं-खोडलं तरी नाव सुलभाताईंचं पडायचं. हे फक्त मला माहीत होतं.

मग ती निधनवार्ता आली. जवळच्या गावातल्या एका जैन घरातले थोरले भाऊ वारले होते, आदगोंडा. कागदावर दोघा भावांची नावं होती, आणि सुलभाताईंच्या हातून आधी धाकट्याचं टाइप झालं — बाळगोंडा. वाचून बघताना त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दुरुस्त केलं, सेव्ह केलं, आणि पुढच्या कामाला लागल्या.

आणि मी? नवी केबल चालते का बघायला मी तीच फाईल आधीपासून माझ्या मशिनवर उघडून ठेवली होती — दुरुस्त व्हायच्या आधीची. दुपारी सहज, अगदी सहज, सेव्ह दाबलं. होतंय का बघू म्हणून. झालं. माझ्याकडची जुनी फाईल त्यांच्या दुरुस्त फाईलीवर बसली, आणि तीच छापली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळगोंडाअण्णा स्वतः आले. हातात आमचा अंक, मागं रडून डोळे सुजलेली लेक — बातमी वाचून सासरहून धावत आली होती. ते ओरडले नाहीत. "मी हाय की अजून," एवढंच म्हणाले, आणि खुर्चीवर बसून राहिले. घरात भावाचं सुतक, आणि हे.

ते गेल्यावर मालकांनी सगळ्यांना उभं केलं. मला म्हणाले, कुणी केलं बघा, तुमच्या मशिनमध्ये असेलच. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. फाईलीपुढं नाव होतं. वेळही होती, तीन वाजून दहा मिनिटं. ती वेळ बघताक्षणी मला कळलं. त्या वेळेला सेव्ह मीच दाबलं होतं.

सुलभाताई मालकांशी बोलल्याच नाहीत, माझ्याकडं वळल्या. "सर, मी बदललं व्हतं. आदगोंडा केलं व्हतं मी. तुमी बघा की नीट, मशिनला सगळं म्हाईत असतंय न्हवं?"

"मशिनवर तुमचंच नाव आहे, ताई," मी म्हणालो.

यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही. म्हणून तर ते इतकं सफाईनं तोंडातून गेलं.

मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. ताईंनी चष्मा पुसला, डबा पिशवीत घातला आणि गेल्या. समोरच्या थांब्यावर बस लवकर आली नाही. खिडकीतून मला त्या दिसत होत्या — वीस मिनिटं, जास्तच. खाली उतरायला किती वेळ लागला असता? तेवढ्या वेळात मी काय केलं सांगू? ती ओळ काढून टाकली. सांबा बंद करून पुन्हा चालू केला. प्रत्येकाच्या फाईलीला आता ज्याचं त्याचं नाव पडू लागलं, आणि कुणी कधी तपासलं असतं तरी काही सापडलं नसतं. मान वर केली तेव्हा थांबा मोकळा होता.

वर्षभरानं कामासाठी कोरेगावला गेलो होतो. स्टँडजवळच्या पिठाच्या गिरणीतून कुणीतरी "सर" म्हणून हाक मारली. सुलभाताई. गिरणी भावाची. भुवयांवर पीठ, केसांवर पीठ. त्यांनी मला बसवलं, भाचीला चहा आणायला पिटाळलं. लोक डबे घेऊन येत होते. ताई प्रत्येकाला नाव विचारायच्या, खडूनं डब्यावर लिहायच्या, मग पुन्हा विचारायच्या — हेच न्हवं? लोक वैतागत होते.

"माझा मलाच भरवसा न्हाई ऱ्हायला बघा, सर," त्या म्हणाल्या. "मला आजून वाटतंय मी बदललं व्हतं. पन मशिन कशाला खोटं सांगंल? आन तुमी तरी कशाला सांगशीला?"

चहा आला. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

आणि तो चहा मी पूर्ण प्यायलो.