मुळ्याच्या रंगाचं कवाड

देऊळघाटच्या उकंडरावांनी उभ्या जन्मात रंग लावला तो फक्त बैलांच्या शिंगांना. पोळा आला की शिंगं तासायची, हिंगूळ लावायचा, वर बेगड चिकटवायची, झालं. घराच्या दारांनाही रंग लावतात हे त्यांनी बुलढाण्याच्या साहेबलोकांच्या बंगल्यांत पाहिलं होतं, पण "पैशाचा माज, दुसरं काय!" म्हणून सोडून दिलं होतं. माणूस भाजीपाल्याचा. वांगी, मिरची, मुळे पिकवावेत आणि बाजारात आवाज चढवून विकावेत. अशा माणसाला साठी उलटल्यावर हातात ब्रश धरावा लागला, तो बायकोपायी. कौशल्याबाईंपायी.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती. कौशल्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, "अजून पिकला नाही. पुढच्या वर्षी आणा, काढून टाकू." आता मोतीबिंदू म्हणजे काय आंबा आहे का, आढीत घातला आणि पिकला? पण तेव्हाची रीतच तशी होती. पिकेपर्यंत बाईनं करायचं काय, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. पुढं ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, सगळं एकामागं एक. आतल्या दोन्ही दारांवर चुलीच्या धुराची आणि तेलकट हातांची अशी पुटं चढली होती, की लाकूड की कोळसा ते ओळखू येऊ नये. दार उघडं असलं की पलीकडचा अंधार काळा, लोटलं की कवाड काळं. कौशल्याबाईंना दोन्ही सारखंच. एका सकाळी त्या चुलीकडं निघाल्या. सून वच्छला हिनं कवाड अर्धवट लोटून ठेवलं होतं, त्याची कड थेट कपाळावर बसली. भळाभळा रक्त! हळद दाबली, रक्त थांबलं. पण बाई ओसरीतल्या बाजेवर जाऊन बसली ती बसलीच.

"मले आत नोका नेऊ," त्या म्हणाल्या. "माह्याच घरात मले वाट सापडत नाई, तं जाऊ कायले? मी आता इथलीच."

वच्छला हात धरून न्यायला आली की हात झटकायच्या. जेवणाचं ताटही बाजेवरच. जिनं त्या चुलीपुढं सारा संसार केला, ती आपल्याच घरात पाहुणी होऊन बसली. उकंडरावांच्या जिवाला ते फार लागलं. माणूस वरून फणस, पण आत गरा होता हो.

एक दिवस मळ्यातून आल्यावर ते भाजीची टोपली घेऊन माजघराच्या काळ्या दारापुढं उभे राहिले. बाज समोरच होती.

"सांग, काय हाय माह्या हातात?"

"काय मालूम!" वांगं होतं.

"आन् हे?"

"काई नाई दिसत. कायले तरास देऊन राह्यले?" मिरची होती. टमाटं धरलं, तेही वाया गेलं. शेवटी पाला खुडलेला मुळा वर केला, चांगला हातभर लांब, पांढराफेक.

कौशल्याबाईंनी मान उचलली. "मुळा हाय का हो?"

उकंडराव मुळा धरून तसेच उभे राहिले. त्या काळ्या दारापुढं बायकोला काही तरी दिसलं होतं!

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बुलढाणा गाठलं. तिथं वाहेद पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, रंगही विकायचा. उकंडराव जाऊन म्हणाले, "मुळ्याचा रंग दे."

"मुळ्याचा? चाचा, ये रंग का दुकान है. भाजीबाजार तिकडं!"

पण सगळी हकिकत ऐकली तेव्हा वाहेदनं हसणं आवरलं आणि पांढऱ्या रंगाचा डबा पुढं केला. दार आधी कसं करायचं ते सांगायला लागला, तर उकंडराव कसले ऐकतात! "मले नोको शिकवू. शिंगं रंगवता रंगवता बाल पांढरे झाले माहे."

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. खांद्यांना तेल-हळद चोळायची आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग. उकंडरावांच्या डोक्यात तोच क्रम पक्का. त्यांनी दोन्ही दारांना गोडं तेल रगडून रगडून चोळलं, हसत हसत आवतणही दिलं, आणि दुसऱ्या दिवशी वर रंग फासला.

रंग कसचा बसतो! ओघळ काय, फोड काय! आठवडा गेला तरी हात लावला की चिकट. कोंबडीची पिसं चिकटली, माशा चिकटल्या, काळं पांढऱ्यात कालवून सगळं राखेच्या रंगाचं झालं. शेजारचे शेषराव पाहायला आले आणि पोट धरून हसले. "काय उकंडराव, दार रंगवलं का ताकात बुचकळलं?"

बाजेवरून कौशल्याबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या हो आता. माह्यापायी गावात हासं नोका करून घेऊ."

हे ऐकलं आणि उकंडराव उठले. मान खाली घालून पुन्हा वाहेदकडं गेले. वाहेदनं कपाळाला हात लावला. "तेलावर रंग? चाचा, तेलावर रंग बसन कसा? पह्यले सगळं खरडा. गरम पान्यात धुण्याचा सोडा टाकून घासा. वाळलं की काचकागद मारा. मंग अस्तर, म्हंजे रंगाखालचा पह्यला हात, मंग रंग, पातळ पातळ हात." या खेपेला उकंडरावांनी शब्दन् शब्द ऐकला.

कवाडं काढून अंगणात, बाजेसमोर आडवी टाकली. खरडलं, सोड्यानं घासलं, हात सोलून निघाले. काळं पाणी वाहून वाहून अंगणाच्या टोकाला गेलं. वाळल्यावर काचकागद फिरवला आणि उकंडराव जागच्या जागी थबकले.

खाली साग होता. लालसर सोनेरी, नसा न् नसा उमटलेला. कडेला लाकूड तासायच्या वाकसाचे घाव, त्यांच्या आज्यानं मारलेले. त्या दारातून ते जन्मभर आले-गेले, त्याच दारातून आईबाप गेले, आणि दार कशाचं आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं! "बाप्पा बाप्पा!" एवढंच तोंडातून निघालं. बायकोचा हात धरून त्यांनी लाकडावर ठेवला. तिनं त्या नसांवरून बोटं फिरवली.

शेषरावांची थट्टाही त्या दिवशी आटली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "आता रंग नोको लावू बाप्पा. असं लाकूड उभ्या देऊळघाटात नाई. पाप लागन."

उकंडराव त्या कवाडांपाशी उन्हं कलेपर्यंत बसले. मोह काय कमी होता! पण उठले ते अस्तराचा डबा उघडायलाच. "मी पाह्यलं, डोये भरून पाह्यलं," ते म्हणाले. "आता तिले दिसू दे."

पातळ हात, वाळू द्यायचं, पुन्हा पातळ हात. पोरीच्या लग्नात घेतली नसेल इतकी काळजी घेतली. कवाडं पुन्हा बसवली त्या संध्याकाळी ते बाजेपाशी आले आणि घसा खाकरून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या आत जेवाले या."

"माय वं! मी काय बैल हाय का?" कौशल्याबाई किती दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं. छताच्या झरोक्यातून माजघरात उजेड पडला होता. कौशल्याबाई बाजेवरून उठल्या. वच्छला धावली, तर उकंडरावांनी तिला हातानंच थांबवलं. पुढं दोन पांढरी कवाडं, मधी काळी वाट. बाई निघाल्या. भिंतीला हात नाही, कोणाचा आधार नाही. पहिलं दार ओलांडलं. माजघर ओलांडलं. उकंडराव मागं मागं. काय सांगावं, देवाची पालखी जाताना माणूस बाजूला सरतो तसे शेषराव ओसरीत बाजूला सरले होते.

स्वयंपाकघराच्या दारापाशी बाई थांबल्या. बाईंनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "वरी डाव्या कोपऱ्यात राह्यलं हो. तेवढं काळं दिसते."

उकंडरावांनी वर पाहिलं. खरंच, तळहाताएवढा कोपरा रंगवायचा राहून गेला होता; तिथला उघडा साग तिला पांढऱ्यापुढं काळा दिसला होता. डोळे धड असलेल्या घरातल्या कोणाला तो दिसला नव्हता. ते चौकट धरून ढसाढसा रडायला लागले, आणि बाई आत जाऊन चुलीपुढं बसल्या. "वच्छले, पीठ काढ. मी टाकते भाकर."

पुढं मोतीबिंदू पिकला, निघाला, दारांवर दुसरे रंगही चढले. पण तो कोपरा उकंडरावांनी जिवंत असेपर्यंत कोणाला रंगवू दिला नाही. नवा माणूस घरी आला की त्याला ते आत नेऊन वर बोट दाखवायचे. "हे पाह्य. हे तिले दिसलं होतं."