दोन चष्मे

वाशीमच्या शिबिरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. मला तो नुसता पांढरा दिसत होता. मी डोळे बारीक करून बघत राहिले.

"तिले वाचता नाही येत, साहेब," आमचे हे म्हणाले.

डॉक्टरांनी पुढच्या बाईला बोलावलं. चष्मा हातचा जाणार, म्हणून मी कशीबशी बोलले, "मी चौथी पास आहो. अक्षरं येतात मले, पण दिसत नाहीत."

डॉक्टर यांच्याकडे वळले. "तुम्हाला तरी येतं का वाचता?"

यांनी दुसरीतच शाळा सोडली होती. "येते ना. पण मलेही दिसून नाही राह्यलं."

चष्मे दोघांनाही मिळाले. मला अक्षरं दिसू लागली. हे त्यांचा लावून शेताच्या धुऱ्यावर, बांधावरून चालताना ठेचकाळत, पण काढत नसत.